भूलचूक देणेघेणे : सर्वोच्च न्यायालय आणि टीकेचा अधिकार

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या व्यापारी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. उधारी थकली तर चार मध्यस्थ घालावेत, दोन पावले मागे येऊन तडजोड करावी, पण वकीलपत्रावर सही करण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नये, हा पेढीचा अलिखित नियम. त्यात शहाणपण आहे, यात शंका नाही. मात्र या म्हणीने एक गोष्ट लक्षात घेतलेली नाही. आपण कोर्टाची पायरी चढलो नाही, तरी कोर्टाचा निकाल आपल्या दुकानाची पायरी चढून आत येतो. संविधानाच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील प्रत्येक न्यायालयावर बंधनकारक असतो. दिल्लीत दिलेला निकाल गंगापूरच्या न्यायालयाला लागू होतो, आणि म्हणून तो लासूर स्टेशनच्या आडतीवर, कापसाच्या खरेदीवर आणि कांद्याच्या पट्टीवरही लागू होतो.

मग असा निकाल आपल्याला चुकीचा वाटला, तर काय करावे? गप्प बसावे? की बोलावे? बोलल्यास न्यायालयाचा अवमान तर होणार नाही? आपल्या समाजातील पुष्कळ सुज्ञ माणसे या प्रश्नापाशी येऊन थांबतात आणि ‘आपल्याला काय करायचे आहे’ म्हणून विषय मिटवतात. दुसरीकडे, मोबाईलवर आलेला, न्यायाधीशांविषयी वाटेल ते लिहिलेला मजकूर पुढे ढकलताना मात्र तीच माणसे क्षणभरही थांबत नाहीत. या दोन टोकांच्या मधला, अभ्यासाने आणि सभ्यतेने बोलण्याचा एक मार्ग आहे. तो कायद्याने मोकळा ठेवला आहे, आणि त्या मार्गाने गेलेल्या माणसांनी देशाचे कायदे बदलले आहेत. त्यांतील काही माणसे आपल्या महाराष्ट्राची आहेत.

धनादेशाचा निकाल

आधी व्यापाऱ्याच्या घरातलेच उदाहरण घेऊ. ‘दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात १ ऑगस्ट २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धनादेश न वटल्याच्या फिर्यादीविषयी महत्त्वाचा निकाल दिला. त्यापूर्वी, १९९९ च्या एका निकालानुसार, अशी फिर्याद अनेक ठिकाणी करता येत असे. धनादेश जिथे वटण्यासाठी भरला, तेही त्यांपैकी एक ठिकाण होते. २०१४ च्या निकालाने ते सारे बदलले. धनादेश देणाऱ्याची बँक जिथे आहे, केवळ तिथल्याच न्यायालयात फिर्याद करता येईल, असे ठरले.

याचा अर्थ आपल्या भाषेत असा. लासूर स्टेशनहून कांद्याची गाडी कोलकात्याला गेली. तिथल्या व्यापाऱ्याचा धनादेश आला, इथल्या बँकेत भरला, आणि पुरेशी शिल्लक नाही म्हणून परत आला. आता फिर्यादीसाठी कोलकात्याला जायचे. तिथे वकील द्यायचा, तारखांना हजर राहायचे. रक्कम दोन-तीन लाखांची असेल, तर खर्चाचा आणि हेलपाट्यांचा विचार करूनच माणूस ती रक्कम बुडीत खात्यात टाकणार. न्यायालयाचा हेतू वाईट नव्हता. धनादेश देणाऱ्याला त्रास देण्यासाठी मुद्दाम दूरच्या गावी फिर्यादी केल्या जात होत्या, हे त्याच्यासमोर आले होते. पण एका बाजूचा जाच दूर करताना सारा भार दुसऱ्या बाजूवर, म्हणजे ज्याचे पैसे अडकले आहेत त्याच्यावर, येऊन पडला.

उद्योग-व्यापारी संघटनांनी आणि वित्तसंस्थांनी सरकारकडे निवेदने दिली. या निकालाचे व्यवहारातील परिणाम काय होतील, ते त्यांनी मांडले. १५ जून २०१५ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने चलनक्षम दस्तऐवज कायद्यात दुरुस्ती केली. ज्याच्या नावे धनादेश आहे त्याने तो आपल्या खात्यात भरला असेल, तर त्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात फिर्याद चालेल, असे आता कायद्यानेच ठरले आहे. आज आपण आपल्याच तालुक्यात अशी फिर्याद करू शकतो, ते या दुरुस्तीमुळे. दीड वर्षाच्या आत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा परिणाम संसदेने दूर केला. कोणाचा अवमान झाला नाही, कोणाला नोटीस आली नाही. कारण टीका न्यायाधीशांवर नव्हती. निकालाच्या परिणामांवर होती, आणि ती हिशेबाने मांडलेली होती.

चार प्राध्यापकांचे पत्र

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे, आणि तेही महाराष्ट्रातले. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन, पोरक्या, मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर पोलिसाकडून अत्याचार झाल्याची तक्रार झाली. तिच्या भावाने केलेल्या एका तक्रारीच्या संदर्भात तिला ठाण्यावर आणलेले होते. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून दोघांना शिक्षा दिली. भीतीपोटी मुकाट्याने सहन करणे म्हणजे संमती नव्हे, असे उच्च न्यायालयाचे म्हणणे होते. पण १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, हे न्यायालयाने महत्त्वाचे मानले. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ते प्रकरण कायद्याच्या पुस्तकांत आहे.

वर्षभर फारसे कोणी बोलले नाही. मग १६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही त्यांची नावे. धागमवार पुण्याच्या, बाकीचे तिघे दिल्ली विद्यापीठात शिकवणारे. केळकरांचे फौजदारी प्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक आजही विद्यार्थी वाचतात. पत्रात न्यायाधीशांच्या हेतूंविषयी आरोप नव्हते. प्रश्न होते, आणि ते निकालाच्या कागदांतूनच काढलेले होते. संमती आणि शरणागती यांत कायद्याने फरक केलेला असताना निकालात तो का दिसत नाही? रात्रीच्या वेळी, पोलिसांच्या ताब्यात असलेल्या गरीब मुलीने आरडाओरडा केला नाही, यावरून तिची संमती होती असे कसे म्हणता येईल? स्त्रियांना चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावू नये, असे याच न्यायालयाने १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी प्रकरणात बजावले होते. मग इथे त्याविषयी एक शब्दही का नाही? खटल्याचा फेरविचार मोठ्या पीठाने करावा, अशी त्यांची विनंती होती.

निकाल बदलला नाही. सुटलेले पोलीस सुटलेलेच राहिले. ज्या मुलीसाठी पत्र लिहिले, तिला त्यातून न्याय मिळाला नाही, ही बोच कायम आहे. पण ते पत्र विद्यापीठांतून आणि वृत्तपत्रांतून फिरले. ८ मार्च १९८० रोजी, महिला दिनी, मुंबई-दिल्लीसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. विधी आयोगाने त्याच वर्षी या विषयावर अहवाल दिला. १९८३ मध्ये संसदेने फौजदारी कायद्यात दुरुस्ती केली. पोलिसांच्या किंवा अन्य अधिकाऱ्यांच्या ताब्यात असताना झालेल्या बलात्कारासाठी वेगळी आणि कठोर शिक्षा ठरली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने न्यायालयात आपली संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असा पुराव्याचा नियम आला. खटले बंद दाराआड चालू लागले. पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई झाली. प्रस्तुत लेखातही त्या मुलीचे नाव लिहिलेले नाही, ते याच मर्यादेला स्मरून.

चार माणसे, एक पत्र, आणि त्यातून देशातल्या प्रत्येक मुलीच्या वाट्याला आलेले संरक्षण. सर्वोच्च न्यायालयावरील अभ्यासपूर्ण टीका म्हणजे काय, याचा याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही.

पित्याचा निकाल, पुत्राची दुरुस्ती

तिसरे उदाहरण आणीबाणीचे. त्या काळात मिसाखाली हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात होती. येरवडा आणि नाशिक रोडचे तुरुंग भरलेले होते. अटक बेकायदा असेल तर नागरिकाला न्यायालयात दाद मागता येईल, असे मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी ते अमान्य केले. आणीबाणीत जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी दाद मागण्याचा मार्गच बंद झाला. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विरोधी मत लिहिले. पुढे त्यांची ज्येष्ठता डावलली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला.

या निकालाची चिकित्सा करण्यासाठी मुंबईचे विख्यात घटनातज्ज्ञ एच. एम. सिरवई यांनी १९७८ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला. सिरवई दीर्घकाळ महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. म्हणजे न्यायालयाचे ते शत्रू नव्हते, उभे आयुष्य त्यांनी न्यायालयातच घालवले होते. बहुमतातील चारही न्यायाधीशांच्या तर्काची त्यांनी बारकाईने तपासणी केली. आणीबाणीतही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद चव्वेचाळीसाव्या घटनादुरुस्तीने केली. निकाल मात्र पुस्तकात तसाच उभा होता.

बहुमतातील एक न्यायमूर्ती होते पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णु चंद्रचूड. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाच्या हक्काचा निकाल देताना १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. तसे लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे पुत्र. बहुमतातील दुसरे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनीही उतारवयात आपली चूक जाहीरपणे मान्य केली होती. सर्वोच्च न्यायालयाला स्वतःची चूक दुरुस्त करण्यास एक्केचाळीस वर्षे लागली. मधल्या काळात ती चूक विसरली गेली नाही, याचे श्रेय टीकाकारांना आहे.

आपला स्वतःचा अनुभव

हा विषय आपल्या समाजापासून दूरचा नाही. जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित करावे, यासाठी मुंबईचे पत्रकार व कार्यकर्ते बाळ पाटील यांनी न्यायालयीन लढा दिला. ८ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला तसा आदेश देण्यास नकार दिला. तेवढ्यावर न थांबता जैन धर्म आणि हिंदू धर्म यांच्या संबंधाविषयीही न्यायालयाने भाष्य केले. आदेश नाकारणे हा न्यायालयाच्या अधिकारातील भाग. पण धर्माच्या इतिहासाविषयीचे ते भाष्य बाळ पाटील आणि इतर जैन अभ्यासकांना मान्य झाले नाही. त्यांनी त्यावर जाहीरपणे आक्षेप घेतले. पुढच्याच वर्षी, २१ ऑगस्ट २००६ च्या दुसऱ्या एका निकालात, सर्वोच्च न्यायालयाच्याच वेगळ्या पीठाने जैन धर्म हा हिंदू धर्माचा भाग नाही, असे निःसंदिग्धपणे म्हटले. अखेर २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली. ती पाहण्यास बाळ पाटील हयात नव्हते.

आणि २०१५ कोण विसरेल? १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले. न्यायालय सर्वोच्च नव्हते, पण आघात तेवढाच होता. २४ ऑगस्टला देशभर मूक मोर्चे निघाले. त्यांत कोणा न्यायाधीशाच्या नावाने घोषणा झाल्या नाहीत, कारण घोषणाच नव्हत्या. दुसऱ्या बाजूला विद्वानांनी आणि वकिलांनी संथारा आणि आत्महत्या यांतील भेद शास्त्राधारे मांडला. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. रस्त्यावर मौन आणि न्यायालयात युक्तिवाद, अशी ती टीका होती. आपल्याला टीका जमत नाही, असे म्हणण्याचे कारण नाही.

टीका कुठे संपते, निंदा कुठे सुरू होते

‘टीका’ हा शब्द आपल्या ग्रंथपरंपरेत मोठ्या मानाचा आहे. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची धवला ही टीकाच. अंग-आगमांवरील अभयदेवसूरींच्या वृत्तीही त्याच परंपरेतल्या. मूळ वचन समोर ठेवायचे, त्याचा अर्थ उलगडायचा, शंका मांडायची, पूर्वपक्ष प्रामाणिकपणे सांगायचा आणि मग उत्तर द्यायचे, ही टीकाकाराची शिस्त. न्यायालयाच्या निकालावरील टीकेलाही हीच शिस्त लागते.

कायदा काय म्हणतो? न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम ५ नुसार, निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर उचित टीका प्रसिद्ध करणे हा अवमान नाही. २००६ च्या दुरुस्तीने, सार्वजनिक हितासाठी आणि प्रामाणिकपणे मांडलेले सत्य हाही बचाव मान्य झाला. पण न्यायालयाला बदनाम करणे, त्याच्या अधिकाराला कमीपणा आणणे किंवा न्यायदानात अडथळा आणणे हा मात्र अवमान आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

ही रेषा नेहमीच स्वच्छ दिसते असे नाही. न्यायाधीश वर्गीय पूर्वग्रहाने न्याय देतात, असे म्हटल्याबद्दल केरळचे मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद दोषी ठरले. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण दंड एक हजारावरून पन्नास रुपयांवर आणला. १९७८ मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’चे संपादक एस. मुळगावकर यांच्याविरुद्धची कारवाई न्यायालयाने सोडून दिली. त्या वेळी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अवमानाचा अधिकार जपून आणि क्वचितच वापरावा, अशी तत्त्वे सांगितली. २०२० मध्ये वकील प्रशांत भूषण यांना दोन ट्वीटबद्दल एक रुपया दंड झाला. त्या निर्णयावरही अनेक निवृत्त न्यायाधीशांनी आणि वकिलांनी टीका केली. न्यायालयाने किती सहन करावे, याविषयी न्यायालयातही एकमत नाही.

सामान्य नागरिकासाठी मात्र काही कसोट्या पुरेशा आहेत. निकाल मी वाचला आहे का, की कोणाच्या सांगण्यावरून बोलतो आहे? माझा आक्षेप तर्कावर आहे, की माणसावर? न्यायाधीशाने लाच घेतली, तो अमक्याचा माणूस आहे, असे पुराव्याशिवाय म्हणतो आहे का? खटला अजून चालू आहे का? आणि निकाल माझ्या बाजूने लागला असता, तरी मी हाच आक्षेप घेतला असता का? शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि तोच सर्वांत उपयोगाचा. आपल्याविरुद्ध गेलेला प्रत्येक निकाल चुकीचा नसतो.

अंतिम, पण अचूक नव्हे

आपल्या बिलांच्या तळाशी ‘भूलचूक देणेघेणे’ असे छापलेले असते. त्याने पेढीची पत कमी होत नाही, उलट वाढते. चूक निघाली तर आम्ही ती दुरुस्त करू, असे ते वचन असते. आपल्या संविधानानेही सर्वोच्च न्यायालयाला हेच सांगितले आहे. अनुच्छेद १३७ प्रमाणे न्यायालय स्वतःच्या निकालाचे पुनर्विलोकन करू शकते. त्यानंतरही घोर अन्याय राहिला असेल तर उपचारात्मक याचिकेचा मार्ग न्यायालयाने २००२ मध्ये स्वतःच मोकळा केला. मोठे पीठ लहान पीठाचा निकाल फिरवू शकते. म्हणजे हिशेबात चूक होऊ शकते, हे न्यायालयाला मान्य आहे. पण ती चूक दाखवणारे कोणीतरी हवे. हिशेबनीस कितीही हुशार असला तरी त्याच्या वह्या दुसऱ्याने तपासाव्या लागतात, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

हे काम केवळ वकिलांचे आणि प्राध्यापकांचे आहे, असे समजू नये. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. निवडक निकालांची मराठी भाषांतरेही तिथे आहेत. व्यापारी महासंघाच्या बैठकीत आपल्या धंद्याशी संबंधित एखादा निकाल घेऊन तासभर चर्चा करता येईल. परिणाम अन्यायकारक वाटला तर आकडे, बिले आणि उदाहरणे जोडून आमदार-खासदारांकडे, विधी मंत्रालयाकडे निवेदन पाठवता येईल. कायद्याचे शिक्षण घेणारी मुले-मुली आता आपल्या घरांत आहेत. त्यांना घरच्या जेवणाच्या ताटावर असे प्रश्न विचारता येतील. चौकात किंवा मोबाईलवर न्यायाधीशाला शिवी देण्याने यांतले काहीच होत नाही.

न्यायालयाविषयी आदर आणि त्याच्या निकालाविषयी प्रश्न ही दोन्ही एकाच नागरिकाची कर्तव्ये आहेत. ज्यांनी १९७९ मध्ये पत्र लिहिले ते न्यायालयाला मानत होते, म्हणूनच त्यांनी ते सरन्यायाधीशांच्याच नावे लिहिले. आपल्या मनातला पुढचा आक्षेपही असाच, योग्य पत्त्यावर, सही करून पाठवावा.